सातवीच्या मुलांना आवडीचा प्रकल्प स्वतः निवडू दिला तर शिकणं होतं, की तासिका वाया जातात?

दोन्ही होतं. पहिले तीन आठवडे तर वायाच गेल्यासारखे वाटतात, तेवढी तयारी ठेवा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवतो. शनिवारी सकाळच्या शाळेतल्या शेवटच्या दोन तासिका यासाठी काढल्या. पहिल्या दिवशी "कोणताही विषय घ्या" म्हणालो आणि तोंडघशी पडलो. 'पाणी वाचवा', 'झाडे लावा', 'प्रदूषण' अशा चिठ्ठ्यांचा ढीग जमला. पोरांचा दोष नाही. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, स्केचपेनने चौकट आखायची आणि मजकूर ताईकडून लिहून घ्यायचा, यालाच ती प्रकल्प समजत आलेली.

पुढच्या शनिवारी दोन अटी घातल्या. नुसता विषय चालणार नाही, प्रश्न हवा, आणि त्याचं उत्तर पुस्तकात तयार सापडू नये. शिवाय वही शाळेतच राहील. या दुसऱ्या अटीमुळे घरच्यांची लुडबुड आपोआप थांबली.

एका मुलीने 'रांगोळी' लिहून दिलं होतं. तिला म्हटलं, एकूण ठिपके किती लागतील हे आधीच सांगता येईल का? सात ओळींत सात-सात ठिपके म्हणजे 49, हे पाढ्यानेच आलं. मग तिने एकापासून सातापर्यंत वाढत जाऊन परत एकावर येणारे ठिपके मांडले. तेही 49! चुकलं म्हणून दोनदा पुसून मोजले. पाचाचे करून पाहिले, 25. कारण मला माहीत होतं आणि सांगायला जीभ वळवळत होती, पण गप्प बसलो. (या सगळ्यात शिक्षकाला सर्वांत अवघड काय जातं, तर हेच.) त्याच्या पुढच्या शनिवारी तिने वही तिरकी धरली आणि ओरडली, "सर, ही तीच आहे, नुसती कोपऱ्यावर उभी केलीय!" वर्गसंख्या मी आठवडाभर शिकवल्या होत्या. तिला त्या कळल्या, त्या या क्षणी.

वाचनात मागे असलेल्या एका मुलाने गल्लीतल्या शेळ्यांच्या वेतांची नोंद ठेवली. पहिल्या वेताला बहुतेक एकच करडू, पुढे जुळी, असं त्याला दिसलं. शेकडेवारी काढायला तो स्वतःहून माझ्याकडे आला.

बाकी सगळीकडे आनंदीआनंद नव्हता. वर्गातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याचं काहीच उभं राहिलं नाही. क्रिकेटवाल्या चौघांनी तर तीन महिने नुसत्या गप्पा मारल्या.

मुख्याध्यापक अडवतील अशी भीती असेल, तर सातवीला आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे लेखी परीक्षेव्यतिरिक्त वर्षभर वर्गात होणाऱ्या मूल्यमापनाचे, 40 गुण असतात आणि त्याच्या साधनांत 'प्रकल्प' आहेच. नोंद तिथे करा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायला. आणि ही काही नवी टूम नव्हे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांचा प्रकल्प पद्धतीवरचा लेख 1918 चा. डी.एड.ला आपण त्यांचं नाव पाठ केलं आणि परीक्षा झाल्यावर विसरलो.

शेवटी प्रदर्शन मात्र भरवू नका. मी एकदा भरवलं, तर वह्या कपाटातच राहिल्या आणि घरोघरून थर्माकोल आला.