काजू, काजूतक आणि बिबे

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारलंय की काजू हा संस्कृत ‘काजूतक’चा अपभ्रंश आहे का, आणि बीला जोडलेल्या रसाळ भागाला बोंड म्हणायचं की बोंडू.

अपभ्रंश अजिबात नाही. हे काजूतक हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरतंय की वैताग आलाय. झाड ब्राझीलचं, तिथल्या तुपी भाषेत ‘अकाजू’, पोर्तुगीजांनी त्याचं ‘काजु’ केलं आणि सोळाव्या शतकात झाड नि नाव दोन्ही गोव्यात उतरली. काजूतक हे नंतर कुणीतरी काजूलाच ‘तक’ जोडून घडवलंय, भल्लातकाच्या चालीवर, असं मला वाटतं. आणि ज्यांना काजू वेदकाळापासूनचा वाटतो त्यांनी चरकसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, तो दाखवावाच. तिथे भल्लातक सापडेल. म्हणजे बिब्बा.

आणि खरी गंमत बिब्ब्यातच आहे, कारण ओल्या काजूगरांना आपल्याकडे बिबे म्हणतात. काही जाणकार सांगतात की बिबे हे ‘बी’चंच रूप. मला हे मुळीच पटत नाही. बीवरून ‘बियो’ झालंच आहे की, वाळलेल्या काजूबियांना कोकणीत तेच म्हणतात, मग ओल्यांसाठी त्याच शब्दातून वेगळा बकार कुठून काढलात? माझं ठाम मत आहे की हे परदेशी झाड बघितल्यावर इथल्या माणसांना आपला रानातला बिब्बा आठवला. का नाही आठवणार? बिब्ब्यालाही खाली गरदार देठ फुगतो नि टोकाला कडक बी बसते, फोडली तर आत गोडंबी, जी आपण लाडवात घालतो, आणि सालीतला चीक अंगाला लागला की बिब्बा उततो. काजूच्या सालीतलं तेल नेमकं तसंच भाजतं, ओले गर सोलणाऱ्या बायकांचे हात बघा. तेलुगूत बिब्बा म्हणजे जीडी आणि काजू म्हणजे जीडिमामिडि, कन्नडात गेरू दोघांनाही चालतं, म्हणजे शेजाऱ्यांनाही हेच दिसलं होतं.

याहून भारी पुढे आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला, त्यात ‘अनाकार्दो’ आहे, पण तो बिब्बा! नाव ग्रीक, हृदयासारखा म्हणून, आणि युरोपातले औषधवाले शतकानुशतकं ते आपल्या बिब्ब्यालाच वापरत होते. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ साली तेच नाव उचलून काजूला दिलं, अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले, म्हणजे पश्चिमेकडचा बिब्बा, आणि मूळ मालकाला पुढे सेमेकार्पस अनाकार्डियम असं जोडनाव घेऊन राहावं लागलं. सेमेकार्पस म्हणजे खुणेचं फळ, धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करायचे म्हणून. म्हणजे लॅटिनमध्ये सगळं जग काजूला बिब्बाच म्हणतंय आणि गोव्यातल्या बाजारात बिबे विकणारी बाईसुद्धा तेच म्हणते, तरी आपण काजूतक काजूतक करत बसायचं?

बोंडू म्हणा. घाटावर बोंड म्हटलं की लोकांना कापसाचं आठवतं. फक्त त्याला ‘काजूचं फळ’ म्हणू नका, तो फुगलेला देठ आहे, खरं फळ खाली लोंबणारी ती बीच.