दातांचा विमा घेताना: आधी वह्या काढा, मग सही करा

प्रश्न : घरात पाच माणसं : आम्ही दोघं, ८ आणि १३ वर्षांची मुलं, ६६ वर्षांच्या सासूबाई. सगळ्यांचा मिळून फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला एकच विमा रक्कम) आरोग्य विमा आहे. वर्षाला ९,००० रुपये जादा भरून ओपीडी रायडर (भरती न होता घेतलेल्या उपचारांसाठीची जोड पॉलिसी) घ्या, दातांचे उपचार १५,००० पर्यंत मिळतील, बिलाचे २० टक्के तेवढे तुमचे, असं एजंट सांगतो. मोठीच्या दातांना तारा लावायच्या आहेत, सासूबाईंना कवळी करायची आहे. घ्यावा का? (वाचक, पुणे)

उत्तर : ज्या दोन खर्चांसाठी तुम्ही रायडर घ्यायला निघालात, नेमके तेच बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. तारा, अलाइनर (दात सरळ करणारे पारदर्शक साचे), इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात), दात पांढरे करणं आणि बऱ्याचदा कवळीसुद्धा. साध्या आरोग्य विम्यात तर अपघातात दाताला मार बसून रुग्णालयात भरती व्हावं लागलं तरच दातांचा खर्च मिळतो, असा सर्वसाधारण नियम. ओपीडी रायडरमधून मिळतं ते मुख्यतः तपासणी, एक्स-रे, सिमेंट भरणं, दात काढणं, रूट कॅनल. कॅपचं मात्र स्पष्ट विचारा, कारण रूट कॅनलचे पैसे मिळून कॅपचे न मिळणं हा नेहमीचा घोळ आहे.

आता हिशोब. ९,००० वसूल व्हायला ११,२५० रुपयांचं मान्य बिल लागतं, कारण त्याचे ८० टक्के ९,००० होतात. बिल १८,७५० च्या वर गेलं तरी हातात १५,०००च. म्हणजे सगळं जमून आलं तरी वर्षाचा फायदा ६,००० रुपये, तोही पाच जणांत मिळून. १५,००० माणशी की घराला, हे एजंटकडून लेखी घ्या. फ्लोटरमध्ये सहसा घरालाच असतात.

आमचा सल्ला : मागच्या तीन वर्षांची दातांची बिलं काढा, त्यातून तारा-कवळी बाजूला करा. उरलेली रक्कम वर्षाला ११,००० च्या आत असेल तर रायडर सोडा आणि तेच ९,००० वेगळ्या खात्यात टाका. धाकट्याच्या पहिल्या कायमच्या दाढा सहाव्या वर्षाच्या सुमारास आलेल्या असतात आणि दुधाच्या समजून दुर्लक्षित राहतात. त्यांच्या खाचांत सीलंट (कीड लागू नये म्हणूनचा लेप) भरून घेणं पुढच्या रूट कॅनलपेक्षा कितीतरी स्वस्त. कवळीसाठी सरकारी दंत महाविद्यालयात चौकशी करा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला आहेत. खेपा जास्त होतात, पण खर्च बराच कमी.

तरी घ्यायचाच असेल तर वेटिंग पिरियड, म्हणजे घेतल्यानंतर किती काळ क्लेम मिळत नाही, ते पाहा. आणि कोटेशनमध्ये जीएसटी लावलेला दिसला तर कारण विचारा. वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे.

प्रश्न : रूट कॅनलचा क्लेम 'कागदपत्रं अपुरी' म्हणून परत आला. बिल तर जोडलं होतं. (वाचक, नाशिक)

उत्तर : 'डेंटल ट्रीटमेंट, ८,००० रुपये' एवढ्या बिलावर कंपनीला काहीच कळत नाही. दाताचा क्रमांक हवा. खालच्या डाव्या बाजूची पहिली कायमची दाढ म्हणजे ३६, असे दोन आकडी क्रमांक डॉक्टर केसपेपरवर लिहितातच. तोच बिलावरही लिहून घ्या. उपचाराआधीचा आणि नंतरचा असे दोन एक्स-रे, निदान लिहिलेला कागद, प्रत्येक कामाची वेगळी रक्कम, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि यूपीआय किंवा कार्डाची पावती जोडा. नंतरचा एक्स-रे नसला की काम पूर्ण झाल्याचा पुरावा राहत नाही, बरेच क्लेम तिथेच अडतात. दवाखान्यात संगणकावर तो असतो, मागितला की मिळतो.

सगळं देऊनही नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही.

प्रश्न : दवाखान्याने वर्षाचं 'डेंटल कार्ड' देऊ केलंय. हा विमाच ना? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही, ती सवलतीची योजना. विमा असेल तर कागदावर विमा कंपनीचं नाव आणि यूआयएन (त्या विमा योजनेचा ओळख क्रमांक) असतो. कार्ड घेण्याआधी त्याच कामाचं दरपत्रक दुसऱ्या दोन दवाखान्यांतून आणा. मूळ दरच चढवून त्यावर ३० टक्के सूट दिलेली असू शकते.