खुनाच्या खटल्यात आरोपी सुटले. सरकारच्या अपिलाची वाट बघायची का?

प्रश्न : 2021 साली उसन्या पैशांच्या वादातून माझ्या नवऱ्याचा कोयत्याने खून झाला. फिर्याद दिरांनी दिली. दोन्ही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार फितूर झाले आणि गेल्या महिन्यात सोलापूरच्या सत्र न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी दोन्ही आरोपींना सोडलं. सरकारी वकील म्हणतात, अपिलाचा प्रस्ताव पाठवू. खटला पुन्हा चालेल का? आम्हाला काही करता येईल का?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, अपील तुम्ही स्वतः करू शकता. सरकारवर विसंबून राहू नका. सरकारला आधी विधी व न्याय विभागाची मंजुरी लागते, मग उच्च न्यायालयाची परवानगी. तुम्हाला यातलं काहीच लागत नाही. पीडिताचा हा हक्क 31 डिसेंबर 2009 पासून कायद्यात आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 372चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली खास तरतूद; नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 413). त्यासाठी वेगळी परवानगी नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. फिर्यादी दीर असले तरी पत्नी म्हणून कायदेशीर वारस तुम्ही आहात, म्हणून अपील तुमच्याच नावाने करा.

या कलमात मुदत लिहिलेली नाही. तरीही निकालापासून 90 दिवस हीच मुदत धरून चाला. नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून अर्ज आजच द्या. बहुतेक जण फक्त निकालपत्राची नक्कल घेतात आणि तिथेच अडकतात. सगळ्या साक्षीदारांचे जबाब उलटतपासणीसह, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आणि आरोपींचे जुन्या संहितेच्या कलम 313खालचे (पुराव्याबद्दल न्यायालयाने त्यांना विचारलेल्या प्रश्नांचे) जबाब, हे सगळं मागा. कागदावर निशाणी क्रमांक (न्यायालयाने पुराव्याला दिलेला क्रमांक) आहे ना, तेही बघून घ्या.

मग वकिलांसोबत निकालपत्र एका प्रश्नासाठी वाचा : पुरावा नव्हताच, की होता पण कोर्टाने मानला नाही? सगळं अपील यावर उभं राहतं. साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची पूर्ण साक्ष बाद होत नाही. विश्वासार्ह भाग घेता येतो. पंच उलटला तरी कोयत्याची जप्ती तपासी अधिकाऱ्याच्या भरवशाच्या साक्षीने सिद्ध होऊ शकते. निकालात या गोष्टींचा विचारच झाला नसेल, तर मुद्दा भक्कम आहे. उलट कोयता उघड्या जागी सापडला, मुद्देमाल सीलबंद नव्हता किंवा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता याची नोंदच नाही, तर ते भगदाड उच्च न्यायालयातही बुजत नाही. कोयत्यावर मानवी रक्त मिळालं पण गट ठरला नाही, तर एवढ्यावर शिक्षा टिकणं अवघड.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासू शकतं, पण त्यातून दोन निष्कर्ष निघण्यासारखे असतील आणि सत्र न्यायालयाने आरोपीच्या बाजूचा घेतला असेल, तर सहसा त्यात हात घालत नाही. खटला पहिल्यापासून पुन्हा चालवण्याचा आदेशही क्वचितच होतो, आणि नवा साक्षीदार आणायला न्यायालयाला तशी गरज पटावी लागते. त्याच गुन्ह्याची नवी फिर्याद देऊन उपयोग नाही. कोणी अपिलाऐवजी फेरतपासणी अर्ज (रिव्हिजन) सुचवला तर नको म्हणा; त्यात निर्दोष सुटका शिक्षेत बदलता येत नाही.

अपिलासाठी मुंबईला जावं लागणार नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. फीची सोय नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. तिथेच भरपाईचंही विचारा. आरोपी सुटले तरी पीडित भरपाई योजनेखाली अवलंबितांना मदत मिळू शकते, आणि ही गोष्ट बऱ्याचदा कोणी सांगतच नाही. निकालपत्रात तशी शिफारस आहे का, ते शोधा. नसली तरी अर्ज द्या, आणि तो अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवू नका.