ख्रिस्ती चित्रपट इतके सुमार का असतात, आणि घरच्यांबरोबर पाहण्यासारखे कोणते?

आपल्या प्रश्नाचा रोख असा आहे की, अमेरिकेतील गाजलेले ख्रिस्ती चित्रपट आपल्याला बाळबोध वाटले, समीक्षकही त्यांची टर उडवतात, पण मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, माणसे मात्र ते डोक्यावर घेतात; तर यात बरोबर कोण? माझ्या मते समीक्षक बरोबर आहेत. मी इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरातील आहे. आमची उपासना हिंदीत होते आणि घरी भजने ना. वा. टिळकांची म्हटली जातात. तेव्हा हे मत बाहेर उभे राहून दगड मारणाऱ्याचे नाही, एवढे आधी ध्यानात घ्यावे.

‘पैसा नसतो, म्हणून चित्रपट फसतात’ हे कारण नेहमी पहिल्यांदा पुढे केले जाते आणि ते मला मुळीच पटत नाही. ‘फेसिंग द जायंट्स’ हा चित्रपट जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी येथील एका बॅप्टिस्ट मंडळीने २००६ साली सुमारे १ लाख डॉलरांत काढला, भूमिका बहुतांशी सभासदांनीच केल्या आणि तिकीटबारीवर त्याने १ कोटी डॉलरांच्या आसपास कमाई केली. त्याच मंडळीचा ‘फायरप्रूफ’ २००८ साली सुमारे ५ लाख डॉलरांत झाला आणि त्याने ३ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. पैसा येत होता, तंत्रही चित्रपटागणिक सुधारत होते, पटकथा मात्र होती तिथेच राहिली. ज्यांना आधीच सगळे पटलेले आहे अशांनाच चित्रपट दाखवायचा आणि तिकिटे मंडळ्यांनी गठ्ठ्याने घ्यायची, असा हा व्यवहार असल्यामुळे कोणाचे मन वळवण्याची गरजच त्या पटकथेला उरत नाही. ‘फायरप्रूफ’चा नायक कर्क कॅमेरॉन याने पत्नीखेरीज अन्य स्त्रीचे चुंबन घ्यायचे नाही असे ठरवले होते, म्हणून शेवटच्या प्रसंगात नायिकेच्या जागी त्याच्या खऱ्या पत्नीला उभे करून ते दृश्य केवळ छायाकृतीत चित्रित केले गेले. माणूस म्हणून मला त्याच्या तत्त्वाचा आदर वाटतो. पण या चित्रपटांत जे जे अवघड आहे ते सगळेच असे अंधारात उरकलेले असते.

माझा खरा राग मात्र ‘फेसिंग द जायंट्स’वर आहे. त्यात अमेरिकी फुटबॉल खेळणाऱ्या आणि सतत हरणाऱ्या एका शालेय संघाचा प्रशिक्षक आहे. त्याची गाडी बंद पडते, नोकरी जायची वेळ येते आणि घरात मूल नाही. तो देवाला शरण जातो. मग उत्तरार्धात संघ राज्याचे अजिंक्यपद जिंकतो, कोणीतरी नवी कोरी गाडी भेट देतो आणि पत्नीला दिवस जातात. आमच्या मंडळीत वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) म्हणून सेवा करणाऱ्या माझ्या सख्ख्या मामांनी नाताळापूर्वीच्या एका रविवारी हा चित्रपट सभागृहात पडद्यावर लावला. संवाद इंग्रजीत असल्याने एक तरुण मध्येमध्ये चित्रपट थांबवून हिंदीत सार सांगत होता, आणि मागच्या बाकांवरील मुलांचा वेळ हा फुटबॉल हातात धरून का पळतात या चर्चेत चालला होता. एके ठिकाणी प्रशिक्षकाच्या पत्नीची गर्भधारणेची तपासणी नकारात्मक येते आणि तरीही आपण प्रभूवर प्रीती करू असे ती म्हणते. मला वाटले, आता चित्रपट सुरू झाला. तेवढ्यात परिचारिका धावत येऊन सांगते की चूक झाली होती, तुम्ही आई होणार आहात! त्या बाईला स्वतःच्या वाक्यासोबत एक रात्रसुद्धा काढू दिली जात नाही. सभागृहात टाळ्या झाल्या आणि त्याच सुमारास आमच्या मंडळीतील एक जोडपे उठून बाहेर गेले. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षे झाली होती, मूल नव्हते, आणि प्रत्येक प्रार्थनासभेत त्यांची नावे घेऊन विनंती केली जात असे.

चित्रपट संपल्यावर मामांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले, कारण मी पुण्याला जाऊन चित्रपट रसास्वादाचा उन्हाळी अभ्यासक्रम केला होता आणि घरात त्याचे कौतुक होते. मी म्हणाले, “हरलो तरी देवाची स्तुती करू असे हा चित्रपट तोंडाने म्हणवतो, पण हरू मात्र कोणालाच देत नाही. ज्यांची प्रार्थना फळाला आली नाही, त्यांनी या गोष्टीत कुठे बसायचे?” मामांनी जागेवरूनच उत्तर दिले, “तू सिनेमाचा अभ्यास केला आहेस, प्रार्थनेचा नाही.” पाळकसाहेबांनी घाईने समाप्तीची प्रार्थना केली. घरी आल्यावर आईने मला मामांची क्षमा मागायला सांगितले, मी मागितली नाही, आणि तेव्हापासून नात्यातील प्रत्येक लग्नात मामा माझे स्वागत “या, समीक्षक” असे करतात.

मामांची बाजू दुबळी नाही. तरुणपणी ते १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेऊन झाबुआकडच्या गावांत ‘दयासागर’ दाखवत असत. ‘करुणामयुडु’ या १९७८ सालच्या तेलुगू चित्रपटाची ती हिंदी आवृत्ती, ए. भीमसिंग यांचे दिग्दर्शन आणि विजयचंदर यांची ख्रिस्ताची भूमिका. वधस्तंभाच्या प्रसंगी माणसे चपला काढून रडत असत, असे मामा सांगतात, आणि चित्रपटाची दुसरी परीक्षा त्यांना मान्य नाही. त्यांचा दुसरा आवडता दाखला दादासाहेब फाळक्यांचा आहे. फाळक्यांनी मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला आणि त्या पडद्यावर आपले राम-कृष्ण कधी दिसतील असा ध्यास घेतला, हे त्यांनीच १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवले आहे. म्हणजे भारतीय चित्रपटाचा जन्म एका ख्रिस्ती चित्रपटातून झाला, असे मामा अभिमानाने सांगतात. ते खरेच आहे. पण परिणाम हीच कसोटी धरायची, तर भारतावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या त्या ख्रिस्ती चित्रपटातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला, याचा हिशेब मामांनी कधी दिलेला नाही.

धार्मिक चित्रपटात श्रद्धेला विरोध करणाऱ्या माणसाचे म्हणणे पुरतेपणी मांडले गेले, तरच ती श्रद्धा खरी वाटते. हे मला कोणा पाश्चात्त्य समीक्षकाने शिकवलेले नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) गौरी यांनी केलेली जिजाई पाहावी. तिला भूक लागते, मुलांची काळजी वाटते, मूल आजारी पडल्यावर ती देवाला जाब विचारायला देवळात जाते, आणि दिग्दर्शक दामले-फत्तेलाल तिला कुठेही मूर्ख ठरवत नाहीत. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा तिच्यासमोर उभे राहूनही उजळ दिसतात, म्हणून तो चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आणि हे वारकऱ्यांनाच जमते असेही नाही. ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पाहावे: नवरा ख्रिस्ती झाला म्हणून झालेला संताप, ताटातूट, विटाळाची भीती, आणि हे सगळे हसत हसत सांगितलेले. विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला होता, सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या, आणि मराठीतील सर्वांत चांगला ख्रिस्ती चित्रपट मी त्यालाच म्हणेन. ज्यांच्या घरात हे पुस्तक आहे त्यांनी नव्या गाडीच्या भेटीवर समाधान मानावे, हे मला आजही कळत नाही. बायबलमध्ये निर्दोष असूनही दुःख भोगणारा आणि देवाला जाब विचारणारा ईयोब आहे, आणि वधस्तंभावरून “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” असा प्रश्न आहे, असा ग्रंथ हाती असताना पटकथेने प्रश्नाला का भ्यावे?

पुढच्या वर्षी मी इटालियन दिग्दर्शक पासोलिनी यांचा १९६४ सालचा ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ दाखवावा असे सुचवले होते. दिग्दर्शक नास्तिक आणि मार्क्सवादी आहे एवढ्यावरून नकार आला. त्या चित्रपटात ख्रिस्ताची भूमिका एका स्पॅनिश विद्यार्थ्याने केली आहे, वयस्क मरिया म्हणजे दिग्दर्शकाची स्वतःची आई आहे, संवाद मत्तयातील आहेत, आणि व्हॅटिकनने १९९५ साली काढलेल्या ४५ उल्लेखनीय चित्रपटांच्या यादीत तो आहे. हे सगळे मी मंडळीच्या पंचायतीपुढे, म्हणजे कारभारी समितीपुढे, सांगितले होते. मंडळी प्रॉटेस्टंट आहे, तेव्हा व्हॅटिकनच्या यादीने काम बिघडलेच असावे.

इंदूरकरांसाठी आणखी एक नाव घेते. सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये खून झाला, कारण आदिवासींना सावकारीतून सोडवण्याचे त्यांचे काम काहींना खुपत होते. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, ज्या स्वतःही सिस्टर आहेत, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. राणी मारिया यांच्या जीवनावर ‘द फेस ऑफ द फेसलेस’ हा चित्रपट २०२३ साली आला. तो ‘जायंट्स’च्या जातीचा नाही, आणि विषय आपल्याच मातीतील असल्याने घरच्यांबरोबर अवश्य पाहावा.

आता थोडी सावधगिरी. सगळे अमेरिकी ख्रिस्ती चित्रपट एका मापाचे नाहीत. मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ (२००४) कारागिरीत कोणाला हार जात नाही, पण त्यातील रक्तपात लहान मुलांसमोर लावण्याजोगा नाही आणि ज्यूंच्या चित्रणावरचे आक्षेप मला रास्त वाटतात. ‘दयासागर’ पाहून रडलेल्या माणसांच्या अश्रूंविषयी मला काहीही उणे बोलायचे नाही. आणि ते जोडपे त्या दिवशी का उठले, हे मी त्यांना कधी विचारलेले नाही.

घरात वडीलधारे असतील तर येशूच्या जीवनावरील ‘द चोझन’ या मालिकेपासून सुरुवात करावी; ती तिच्या ॲपवर फुकट पाहता येते. मामा ती मोबाइलवर भक्तिभावाने पाहतात आणि आवडलेले भाग मला पाठवतात. तिसऱ्या हंगामातील एका भागात लंगडणारा शिष्य धाकटा याकोब येशूला विचारतो की, तुम्ही सगळ्यांना बरे करता, मग मला का नाही. आणि येशू त्याला बरे न करताच पुढे पाठवतो. ती भूमिका करणारा नट प्रत्यक्षातही तसाच चालतो. हा भागही मला मामांनीच पाठवला, “हे पाहा, याला म्हणतात चित्रपट” असे लिहून. मी त्यांना कळवले की त्या रविवारी मी उभी राहून हेच मागत होते. मामांचे उत्तर आले की तो मुद्दा निराळा होता. तो निराळा नव्हता, आणि आपण दोन्ही चित्रप्रसंग लागोपाठ पाहिलेत तर आपल्यालाही तसेच वाटेल.