छोट्या एसयूव्हीला होडी ओढायला कोणता हिच बसवावा?

तुमची बारा फुटी ॲल्युमिनियमची होडी आहे, गाडी चार मीटरच्या आतली, आणि म्हापशाचा गॅरेजवाला 'दोन तासांत हिच वेल्ड करून देतो' म्हणतोय. हिच म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे बसवतात तो लोखंडी सांगाडा. वेल्डिंग तेवढं करू नका. यातल्या बहुतेक गाड्यांना वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळा भार घेते. वेल्डिंगने पत्र्यावरचा गंजरोधक थर जळतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच आत शिरतो. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला, मागच्या दोन्ही लांब मेंबरना (बॉडीखालच्या तुळयांना) बोल्टने बसणारा हिच घ्या. नुसत्या बंपरला धरणारा फुकट दिला तरी नको.

त्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. ट्रेलरचं कमाल वजन त्यात असतं, किंवा ट्रेलर ओढू नका असं सरळ लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला, पिकअपवाल्याला बोलवा. हिचवर दोन टन छापलेले असले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. गाडी, हिच, बॉल (हिचवरचा गोळा) आणि कपलर (ट्रेलरचं त्या गोळ्यावर बसणारं तोंड) यांत ज्याचा आकडा सगळ्यांत लहान, तोच धरायचा. बंपरचं टोपण काढून फिरवून बसवतात तो हुक बंद पडलेली गाडी ओढण्यापुरताच असतो.

बॉलवर खाली पडणारा भार मात्र कोणी विचारत नाही. तो भरलेल्या ट्रेलरच्या साधारण 5 ते 10 टक्के हवा. होडी, इंजिन, पेट्रोलची टाकी, ट्रेलर मिळून 400 किलो झाले, तर 20 ते 40 किलो. ट्रेलर सपाट जागी, कपलर बॉलच्याच उंचीवर धरून खाली ओंडका आणि घरातला वजनकाटा ठेवा, आकडा कळतो. कमी भरला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, जास्त भरला तर गाडीचं नाक उचलतं. इंजिन किंवा टाकी पुढेमागे सरकवून जमवा. हा भार डिकीतल्या सामानाच्या हिशेबातही धरायचा.

बॉल काढता-घालता येणारा घ्या. ओहोटीला फेरीबोटीच्या रॅम्पवर चढताना खाली लोंबणारा बॉल हमखास घासतो, रिव्हर्स सेन्सर बोंबलतो तो वेगळाच. माप कपलरवर कोरलेलं असतं, तेच घ्या. 50 मिमी आणि अमेरिकन दोन इंची म्हणजे 50.8 मिमी दिसायला सारखेच, पण 50 चा कपलर दोन इंचीवर नीट बसत नाही, आणि उलट केलं तर सैल राहतो.

टेललॅम्पच्या वायरी सोलून जोड देऊ नका. वेगळा रिले बॉक्स (ट्रेलरच्या दिव्यांना वेगळी वीज देणारा) आणि सात पिनांचं सॉकेट लावून घ्या. होडी पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढायचा, नाहीतर तापलेले बल्ब थंड पाण्यात तडकतात. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर शेवाळलेल्या उतारावर चाकं जागीच फिरतील, कारण वजन मागे गेलेलं असतं. भरती असताना, कोरड्या भागात चाकं राहतील असं बघा.

आरटीओतही आधी विचारून या. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच, त्याची वेगळी नोंदणी लागते. गाडीत परवानगीशिवाय बदल करण्यावर कलम 52 चं बंधन आहे.

घरी आल्यावर हिच, बॉल आणि ट्रेलरची चाकं गोड्या पाण्याने धुवा. तापलेलं हब (चाकाचा मधला भाग) थंड पाण्यात गेलं की आत पाणी ओढतं, म्हणून बेअरिंगचं ग्रीसही वरचेवर बघत जा.