शिकायला इंग्लंडला जातोय. तिथली संस्कृती, परंपरा आपल्यासारख्या विद्यार्थ्याला कशा वाटतात? आणि त्या पाळणं गुलामगिरी नाही का वाटत?

मी २०१८-१९ ला शेफील्डला एमएस्सी केली. म्हणजे यॉर्कशायर, लंडन नव्हे. लंडनमध्ये चार दिवस फिरून अख्खं ब्रिटन समजावून सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकून घ्या आणि सोडून द्या.

रांग, सॉरी, पाऊस हे तुम्हाला माहितीच आहे. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं. 'यू ऑलराइट?' विचारलं की सर्दी-खोकल्याची हकीकत सांगत बसायचं नाही, आपणही 'यू ऑलराइट?' म्हणून पुढे जायचं. कोणी 'टी'ला बोलावलं तर जेवून जाऊ नका, उत्तरेत टी म्हणजे संध्याकाळचं जेवण (मी भरपेट खिचडी खाऊन गेलो होतो, भोगा). पबमध्ये पाळीपाळीने राउंड असतो, तुम्ही नुसता संत्र्याचा ज्यूस पीत असलात तरी तुमची पाळी आली की सगळ्यांचं आणायचं. नाही आणलं तर कोणी बोलणार नाही, पण लक्षात राहतं. तिथे असंच आहे, नियम शंभर आणि सांगणारा एकही नाही.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या त्या गुलामगिरीच्या वाक्यामुळे. हेच वाक्य मी घरात ऐकलंय, आणि त्यावरून एक माणूस अजून माझ्याशी धड बोलत नाही.

झालं काय, त्या वर्षी धनत्रयोदशी ५ नोव्हेंबरला होती. घरापासून लांब पहिली दिवाळी, खोलीत एकटा चकली खात बसलेलो आणि संध्याकाळी बाहेर धडाधड फटाके सुरू. मला वाटलं वा, इथे पण दिवाळी! खाली गेलो तर कळलं बॉनफायर नाइट आहे. १६०५ साली पार्लमेंट उडवायला निघालेला गाय फॉक्स पकडला गेला, त्याचं बुजगावणं करून अजून शेकोटीत जाळतात, गोव्यात नरकासुर जाळतात तसं. मजा आली. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दिले. इथपर्यंत कोणाला काही गुलामगिरी दिसली नाही.

मग त्याच आठवड्यात सुपरमार्केटच्या दारात एक म्हातारे गृहस्थ पत्र्याचा डबा घेऊन बसलेले दिसले. पॉपीचं कागदी लाल फूल, हिरवा देठ (तेव्हा प्लॅस्टिकचा असायचा), सोबत टाचणी. किंमत ठरलेली नाही, डब्यात टाकाल ते. युद्धात गेलेल्यांची आठवण म्हणून लावतात आणि पैसे माजी सैनिकांसाठी जातात. १९२१ पासून चालू आहे. मी एक पौंड टाकला, थंडीने बोटं आखडलेली म्हणून टाचणी काही लागेना, तर ते स्वतः उठले आणि माझ्या जॅकेटला फूल लावून दिलं. कुठला म्हणाले. मी इंडिया म्हणालो आणि उगाच पुढे बोलत सुटलो, की आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या एका जवानाला तुमचा व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक) मिळालाय, इटलीत, १९४४, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्यांनी ऐकून घेतलं. 'राइट,' म्हणाले. बस, एवढंच. मग थोड्या वेळाने डब्याखालून अजून एक टाचणी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, पडतात ही, असू दे.

(खरंच पडतात. मी तीन घेतली त्या मोसमात.)

११ नोव्हेंबर त्या वर्षी रविवारी आला आणि पहिलं महायुद्ध थांबलं त्याला बरोबर शंभर वर्षं होत होती. शहराच्या मध्यभागी बार्कर्स पूल म्हणून चौक आहे, तिथे उंचच उंच पोलादी ध्वजस्तंभ आणि खाली मान खाली घातलेले चार ब्राँझचे सैनिक. या शहराची स्वतःची पोरांची बटालियन होती, विद्यापीठातली पोरं पण त्यात, आणि ती १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत पहिल्याच दिवशी कापली गेली. मी मागे कुठेतरी उभा. अकरा वाजले आणि हजारो माणसं गप्प. दोन मिनिटं. दोरी खांबावर टकटक आपटत होती तेवढाच आवाज. माझ्या डोक्यावर आईने दिलेली चॉकलेटी माकडटोपी. शेजारच्या माणसाने माझ्याकडे एकदा पाहिलं, बोलला काही नाही, नुसती स्वतःची टोपी अगदी सावकाश काढून हातात घेतली. मी पण काढली. कान गार पडले, पण इंग्लंड मला जे काय समजलं ते त्या दोन मिनिटांत समजलं.

फूल लावलेला फोटो ग्रुपवर टाकला आणि चुलतभाऊ पेटला. 'अफूचं फूल लावून गोऱ्यांची मयत काय करतोस, ज्यांनी आपल्याला लाठ्या घातल्या त्यांची?' पन्नासेक मेसेज झाले, शेवटी काकांनी ग्रुपवर हरिपाठ टाकून विषय बंद केला.

तेव्हा नीट बोलता आलं नाही म्हणून आता बोलतो. पहिल्या युद्धात हिंदुस्थानी फौजेतले साधारण ७४ हजार गेले. ते कोणाचे होते? आणि दुसऱ्या युद्धातला तो पळसगावचा जवान? नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४. मशीनगनने सगळी तुकडी एका फटक्यात आडवी केली, हा एकटा धावत गेला, ग्रेनेड टाकला, गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दांड्याने मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. त्याची कबर सुद्धा नाही, इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर नुसतं नाव आहे. माणगावात तहसील कचेरीजवळ पुतळा आहे, आणि आमचे बंधुराज सातबाऱ्याच्या कामाला गेले की त्याच पुतळ्याला टेकवून स्कूटर लावतात. मला गुलामगिरी शिकवतोय! त्याच वर्षी तिकडे खादीची पॉपी काढली होती, खास हिंदुस्थानी सैनिकांसाठी, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे लावून फिरल्या. मला काही ती मिळाली नाही, नाहीतर तीच लावली असती, फोटो तरी अजून झोंबला असता.

आता हे पण सांगायला पाहिजे, की फूल लावायची सक्ती कोणावर नाही. माझ्या वर्गातला उत्तर आयर्लंडचा मुलगा अजिबात लावायचा नाही, त्यांच्याकडे त्या फुलाचा अर्थ वेगळा लागतो, आणि त्याला कोणी विचारायचंही नाही. काहीजण पांढरी पॉपी लावतात, युद्धच नको म्हणून. आणि राज्य कसं केलं, जालियनवाला, बंगालचा दुष्काळ, याबद्दल माझ्या वर्गातल्या इंग्लिश पोरांना फारसं काही माहीत नव्हतं, ते मला खटकलं आणि मी तिथेही भांडलो. दोन्हीकडे भांडलो म्हणजे माझं काहीतरी बरोबर असणार. शिवाय माझा अनुभव एका शहराचा, एका वर्षाचा, स्कॉटलंडच्या माणसाला हे वाचून दाखवू नका, तो आधी 'इंग्लंड' शब्दावरच अडेल.

तुम्ही सप्टेंबरात जात असाल तर नोव्हेंबरपर्यंत स्थिरावाल. माकडटोपी न्या. आणि ख्रिसमसच्या दिवशी ट्रेन बंद, बस जवळपास बंद, दुकानं बंद, तेव्हा दूध-ब्रेड आदल्या दिवशी दुपारीच भरून ठेवा, संध्याकाळी कपाटं रिकामी असतात.