कुंभाराच्या लेकीनं सिरॅमिक शिकावं का?

प्रश्न : मी यावल तालुक्यात बारावी सायन्सला आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माठ-रांजणांचं काम. मला सिरॅमिक इंजिनिअरिंग, म्हणजे भाजलेल्या मातीसारख्या पदार्थांचं शास्त्र, शिकायचंय. आप्पा म्हणतात, 'मातीतून बाहेर पडावी म्हणून शिकवलं, तर पोरगी पुन्हा मातीतच चालली!' काय करू?

उत्तर : बाळ, आप्पांचं चुकत नाही. भट्टीच्या धगीपुढं ज्यांचा जन्म गेला, त्यांना लेकीच्या वाट्याला ती धग नको वाटणारच. पण तुला शिकायचंय ते आप्पांना आधीच येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

त्यांना विचार, मातीत लीद नाहीतर भुसा का घालतात? भाजताना तो जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं उरतात. ती एकमेकांना जोडलेली असली की पाणी पाझरतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी आपल्याकडं माठातलं पाणी गार लागतं ते म्हणून. माठ जास्त भाजला तर छिद्रं मिटतात. तो टणक होतो, पण पाणी गार करत नाही. बोअरच्या क्षारांनी जुना माठ बुजतो तेव्हाही तेच होतं.

हेच गणित पुढं मोठं होतं. भट्टीच्या अस्तराच्या हलक्या विटांमध्ये हवा कोंडलेली असते, म्हणून उष्णता बाहेर पडत नाही. तिथं छिद्रं एकमेकांना जोडलेली नसली तरी चालतं. डिझेल गाड्यांच्या धुराच्या गाळणीत मात्र ती आरपार लागतात. हाडातली पोकळी भरायला वापरतात त्या सिरॅमिकमध्ये ती साधारण १०० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा दहावा भाग) किंवा त्याहून मोठी आणि एकमेकांना जोडलेली असावी लागतात, तरच पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात. आणि छिद्रं वाढली की ताकद झपाट्यानं घटते. किती छिद्रं ठेवायची, केवढी आणि कशी जोडलेली, ही ओढाताण या विषयात सतत भेटते.

एक प्रयोग कर. फुटक्या माठाचं खापर कडकडीत वाळवून वजन घे. दोन तास पाण्यात उकळ, त्याच पाण्यात गार होऊ दे, वरवर पुसून पुन्हा वजन कर. मग डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य कर आणि खापर दोऱ्यानं, तळाला न टेकवता, पूर्ण बुडव. समजा कोरडं ९० ग्रॅम, भिजलेलं १०५ आणि शेवटचा आकडा, म्हणजे खापरानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, ५० आला, तर १५ भागिले ५०, म्हणजे ३० टक्के जागा पाणी शिरेल अशा छिद्रांची. कमी आणि जास्त भाजलेली खापरं अशीच तपास.

आता प्रवेशाचं. ही शाखा मोजक्याच ठिकाणी आहे, घर सोडावंच लागेल. राऊरकेलाच्या एनआयटीसाठी जेईई मेन लागते आणि तिथं आपण बाहेरच्या राज्याच्या कोट्यात येतो. काशी हिंदू विद्यापीठात हा विभाग १९२४ पासून आहे. आज तो आयआयटीत आहे, म्हणजे जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. गुण कमी पडले तर भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात बीएस्सी कर, मग जळगावच्या विद्यापीठात एमएस्सी आणि पुढं संशोधन. ही वाट लांबची आहे, कमी दर्जाची नाही. नोकऱ्या संगणकाइतक्या नाहीत, हे आप्पांना आधीच सांग.

तोवर गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं कर. आणि खापरं मोजताना आप्पांना काट्यापाशी बसव. कुठलं खापर किती भाजलंय, ते आधी त्यांना नुसतं हातात घेऊन सांगू दे, मग तू आकडा काढ.